ट्रॅक्टर-शेडच्या कोब्यास इपॉक्सीचा लेप

सारवणाची जमीन कशी करीत, हें आमच्या पिढीनें लहानपणीं पाहिलेलें आहे. आधीं ती उखणावयाची, पाणी शिंपून चोपण्यानें चोपावयाची, भेगा बुजवून वाळूं द्यावयाची, आणि सर्वांच्या शेवटीं शेणाचा हात फिरवावयाचा. सारवणें घटकाभराचें असे. जमीन करण्यास मात्र दिवस मोडत. सिमेंटचा कोबा आल्यावर हें ज्ञान आपण विसरलों, आणि ट्रॅक्टरच्या शेडला इपॉक्सीचा रंग देऊन वर्षाच्या आंत पश्चात्ताप करणारे शेतकरी निपजूं लागले. प्रस्तुत लेखक त्यांपैकींच एक होय. महसूल खात्यांत कारकुनींत जन्म घालविलेल्या मनुष्यास या विषयावर लिहिण्याचा अधिकार काय, असें कोणी विचारील, तर पैसे बुडविल्याचा, एवढेंच उत्तर मजजवळ आहे.

हा लेप मुळांत हवाच कशाला? कोबा दिसण्यांत दगडासारखा असला तरी तो सच्छिद्र असतो. डिझेल, इंजिनचें तेल व ग्रीस त्यांत मुरतात. बॅटरींतील अ‍ॅसिड सिमेंटास खातें, आणि अमोनियम सल्फेटासारखें खत ओल धरून कोब्याची पार भुकटी करितें. फवारणीचें औषध सांडलें तर तें धुऊन पुरतें निघत नाहीं. इपॉक्सीचा लेप नीट बसल्यास हीं सर्व द्रव्यें वरच्या वर पुसतां येतात. हा रंग इतर रंगांप्रमाणें नुसता वाळत नाहीं. एका डब्यांत राळ व दुसऱ्यांत तिला घट्ट करणारें द्रव्य, ज्यास बाजारांत हार्डनर म्हणतात, अशी ही जोडी असते, व त्यांच्या रासायनिक संयोगानें लेप कठीण होतो. ‘इपॉक्सी’ असें लिहिलेला एकाच डब्याचा रंगहि दुकानांत मिळतो. तो स्वस्त पडतो, परंतु ट्रॅक्टरच्या चाकाखालीं त्याच्यावर भिस्त ठेवूं नये.

आतां माझी हकीकत. सन २०२२ च्या श्रावणांत तालुक्याच्या गांवच्या एका ठेकेदारानें माझ्या शेडचें काम घेतलें. त्यानें कोबा झाडला, पाण्यानें धुतला, वर पंखा लाविला आणि दोन दिवसांत दोन हात देऊन तो मोकळा झाला. जमीन आरशासारखी झाली. शेजारीपाजारी पाहून गेले, आणि मींहि मिशीस पीळ दिला हें कबूल केलें पाहिजे. पुढें उसाचा हंगाम सुरू झाला. मार्गशीर्षांत एका रात्रीं कारखान्यावर ऊस घालून आलेला ट्रॅक्टर तापल्या चाकांनीं शेडमध्यें उभा राहिला. सकाळीं बाहेर काढला तों चाकांना रंगाचे पापुद्रे चिकटून आलेले! भिंतीकडेला फोड आले होते. त्यांत टाचणी खुपसली तेव्हां पाणी निघालें. भुईमुगाचे एका हंगामाचे पैसे त्या कोब्यांत गेले. ठेकेदारानें दोष ट्रॅक्टरला दिला.

नोकरींत असतांना पंचनामे पुष्कळ लिहिले. हा आपल्याच घरचा करावा म्हणून पापुद्रे उलटून पाहिले. खालच्या अंगास राखेसारखी बारीक भुकटी चिकटलेली होती. गवंडी थापी फिरवितो तेव्हां सिमेंटाचें पातळ पाणी वर येऊन त्याची साय धरते. ती ठिसूळ असते. माझा रंग त्या सायीस घट्ट धरून बसला होता, परंतु ती सायच कोब्यास धरून नव्हती. फोडांतील पाणी मात्र खालून, काळ्या जमिनींतून चढलेलें होतें. म्हणजे दोष एक नसून दोन होते, व दोन्ही रंगाच्या पूर्वींचे.

ओल पाहण्याची रीत बिनखर्ची आहे. दीड फूट लांबरुंद प्लास्टिकचा जाड कागद कोब्यावर पसरून चारी कडा चिकटपट्टीनें बंद कराव्या व एक दिवस एक रात्र तसाच राहूं द्यावा. काढल्यावर खालीं थेंब दिसले किंवा कोबा काळसर झालेला असला, तर रंगाचा डबा उघडूं नये. अशी परीक्षा मध्यभागीं व भिंतीजवळ, दोन्ही ठिकाणीं करावी. नवा कोबा निदान २८ दिवस पुरा होऊं द्यावा. ज्यांस शेड अद्याप बांधावयाची आहे त्यांनीं मुरुमाच्या भरावावर जाड प्लास्टिक अंथरून मग काँक्रीट घालावें. मागाहून हा उपाय करितां येत नाहीं. उन्हाळ्यांतहि ज्याची ओल हटत नाहीं, त्यानें कोबा उघडाच ठेवणें शहाणपणाचें.

यानंतर तेल. कोब्यावर पाणी शिंपडावें. तें लगेच शोषलें गेलें तर ठीक, मोत्यासारखे थेंब उभे राहिले तर तेथें तेल आहे. तें साबणाच्या कडक पाण्यानें व ताठ ब्रशानें पुन्हा पुन्हा घासून काढावें. फार मुरलेलें असेल तर तेवढा भाग फोडून नवा करावा.

साय काढण्याचे मार्ग दोन. एक, पाणी मिसळलेलें हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड: तीन-चार भाग पाण्यांत एक भाग अ‍ॅसिड. अ‍ॅसिड पाण्यांत ओतावें, पाणी अ‍ॅसिडांत कधींहि ओतूं नये. तें उसळून अंगावर येतें. रबरी हातमोजे व चष्मा हवाच. दारें-खिडक्या उघड्या असाव्या. जनावरें दूर बांधावीं आणि लोखंडी अवजारें बाहेर काढावीं, कारण त्या वाफेनें तीं गंजतात. फेंस येऊन शमला कीं ब्रशानें घासून भरपूर पाण्यानें धुवावें, सोड्याचें पाणी फिरवावें व पुन्हा धुवावें. कोब्यावर हात फिरविला असतां तो बारीक काचकागदासारखा लागला पाहिजे. धुतलेला कोबा पुन्हा ओला झालेला असतो, हें विसरूं नये. प्लास्टिकची परीक्षा पुन्हा करावी.

दुसरा मार्ग यंत्रानें घासण्याचा. जुन्या रंगावर अ‍ॅसिड चालत नाहीं, म्हणून मला तोच धरावा लागला. यंत्र भाड्यानें आणिलें. धूळ फुप्फुसास घातक असते, यासाठीं चांगला मुखवटा बांधावा. माझ्या गड्यानें उपरण्यावर भागविलें व दोन दिवस खोकत राहिला, याचें मला वाईट वाटतें.

रंग देण्यास फाल्गुनासारखा कोरडा महिना बरा. भर दुपारीं कोबा तापत असतांना त्यांतील हवा फुगून रंगांत बुडबुडे येतात. ऊन उतरतांना काम करावें. दोन्ही डब्यांचें प्रमाण छापलेलें असतें, तें मापूनच घ्यावें. अदमास येथें चालत नाहीं. तळ व कडा खरवडून ढवळावें. मिश्रण डब्यांत सांचून राहिलें तर आपल्याच उष्णतेनें तापून घट्ट होतें, म्हणून एका वेळीं थोडेंच कालवावें. हातास लागूं देऊं नये. कित्येकांस त्यानें पुरळ उठतें. आतल्या भिंतीकडून दाराकडे येत, आधीं प्रायमर व मग दोन पातळ हात द्यावे. पहिला हात ओला असतांना कोरडी बारीक वाळू भुरभुरल्यास पाय घसरत नाहीं. एक दिवसानें चालतां येतें, परंतु ट्रॅक्टर आठवडाभर आंत घेऊं नये.

सन २०२३ च्या पाडव्यास माझा ट्रॅक्टर पुन्हा आंत गेला. तापल्या चाकांनीं त्यानें उसाचे हंगाम काढले, पण पापुद्रा उचलला नाहीं. दाराशीं ऊन पडतें तेथें रंग पिवळट झाला आहे, व नांगराचा फाळ ओढल्यानें दोन ओरखडे उठले आहेत. एका कोपऱ्यांत जुनें तेल फार खोल गेलेलें होतें. तेथें मीं आळस केला, कोबा फोडला नाहीं, आणि तेवढा हातभर तुकडा सुटला. त्यावर हल्लीं ग्रीसचा डबा ठेवतों.