नकोशा फोनचा बंदोबस्त : शेतकऱ्यांनी काय करावे?

सोयाबीनची कोळपणी चालू आहे, बैल ओळीत चालले आहेत आणि खिशातला फोन वाजतो. कोळपे थांबवून, हात पुसून फोन घ्यावा तर पलीकडून हिंदीत विचारणा होते, "सर, कर्ज पाहिजे का?" नको म्हटले तरी बोलणे थांबत नाही. चिडून दोन शब्द बोलावे तर पलीकडूनही उलट उत्तर येते. असे फोन दिवसातून चार-पाच वेळा येतात. देगलूर तालुका तेलंगणा आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांना लागून असल्याने मराठी व हिंदीबरोबर कधी तेलुगूतूनही असे फोन येतात.

यावर अनेकांनी सोपा उपाय शोधला आहे, तो म्हणजे अनोळखी नंबर उचलायचाच नाही. परंतु हा उपाय महागात पडू शकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड व देगलूर भागात अतिवृष्टी झाली. त्यानंतर एका गावातील चर्चासत्रात एका शेतकऱ्याने आपली अडचण सांगितली. त्यांच्या अनुदानाची ई-केवायसी राहिली होती आणि ती करून घ्या हे सांगण्यासाठी गावच्या तलाठ्यांनी तीन वेळा फोन केला होता. नंबर ओळखीचा नव्हता म्हणून त्यांनी तिन्ही वेळा तो कापला. त्याच आठवड्यात शेजारच्या शेतकऱ्याने मात्र "अनुदान जमा करतो" म्हणणाऱ्या भामट्याचा फोन उचलला आणि ओटीपी सांगून बसला. एकाने खरा फोन टाळला, दुसऱ्याने खोटा घेतला. नुकसान दोघांचेही झाले. म्हणून फोन बंद ठेवण्यापेक्षा त्याची निवड करायला शिकणे गरजेचे आहे. पिकात तण माजले म्हणून आपण पेरणी सोडत नाही, तण ओळखून काढतो. येथेही तेच करावयाचे आहे.

हे फोन येतात कुठून?

आपला नंबर आपणच अनेक ठिकाणी दिलेला असतो. कृषी प्रदर्शनातील सोडतीचे कुपन, ट्रॅक्टरची किंमत पाहण्यासाठी मोबाईलवर भरलेली माहिती, दुकानातील वही, झेरॉक्सच्या दुकानात राहिलेली आधारची प्रत, अशा अनेक वाटांनी नंबरांच्या याद्या तयार होतात आणि त्या विकल्या जातात. पुढे संगणक यादीतील नंबर एकामागून एक आपोआप फिरवतो. जो उचलेल त्याच्याशी तेथील मुलगा किंवा मुलगी बोलते. त्यांच्यापुढे बहुधा लिहून दिलेला मजकूर असतो आणि दिवसाकाठी ठराविक विक्री करण्याचे बंधन असते.

हे समजले म्हणजे शिवीगाळ करून उपयोग का होत नाही तेही कळते. बोलणारा यादी बनवत नाही, त्यामुळे त्याला शिव्या दिल्याने आपला नंबर यादीतून निघत नाही. उलट हा नंबर चालू आहे आणि माणूस बोलतो, एवढी माहिती त्यांना मिळते.

फोनवर कसे बोलावे?

१) प्रथम पलीकडच्याला त्याचे नाव, संस्था व काम विचारावे. आपले नाव, गाव किंवा बँक आपण होऊन सांगू नये.
२) जाहिरातीचा फोन असल्यास "मला नको, पुन्हा फोन करू नका" एवढे एकदाच सांगून फोन बंद करावा. कारणे देऊ नयेत. "सध्या पैसे नाहीत" असे म्हटले की महिन्याभराने पुन्हा फोन येतो.
३) पलीकडचा उर्मटपणे बोलला तरी वाद घालू नये. नंबर, तारीख व वेळ वहीत लिहून ठेवावी. तक्रारीला तीच कामी येते.
४) "एक दाबा, दोन दाबा" असे सांगणाऱ्या अनोळखी फोनवर कोणतेही बटण दाबू नये.

नंबरावरून ओळख

जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारी मालिका ठरवून दिलेली आहे. बँका, वित्तीय संस्था व शासनाकडून येणाऱ्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका आहे. रिझर्व्ह बँकेनेही जानेवारी २०२५ मध्ये बँकांना या दोन मालिका वापरण्यास सांगितले आहे. साध्या दहा अंकी मोबाईल नंबरावरून "मी बँकेतून बोलतो" असा फोन आल्यास तो तेथेच बंद करावा आणि पासबुकावरील नंबरावर किंवा शाखेत जाऊन खात्री करावी.

मात्र तलाठी, कृषी सहायक, आडत व्यापारी, मळणीयंत्रवाला हे सर्व साध्या दहा अंकी नंबरावरूनच बोलतात. त्यामुळे केवळ नंबर पाहून निर्णय घेऊ नये, मागणी काय आहे ते पाहावे. खरा कर्मचारी कागद घेऊन या किंवा केंद्रावर जा असे सांगतो. तो ओटीपी किंवा पिन मागत नाही.

लघुसंदेश ओळखणे त्याहून सोपे आहे. पाठविणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आडव्या रेघेनंतर एक इंग्रजी अक्षर असते. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार आणि जी म्हणजे शासकीय संदेश.

१९०९ वर नोंदणी

जाहिरातीचे फोन व संदेश बंद करण्याची सोय भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने म्हणजे ट्रायने केलेली आहे. पहिले नियम २००७ मध्ये आले, २०१० व २०१८ मध्ये ते नव्याने करण्यात आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यात महत्त्वाची सुधारणा झाली. नोंदणी अशी करावी :

१) ज्या नंबरावर जाहिराती नको आहेत त्याच नंबरावरून १९०९ ला फोन करावा व सांगितल्याप्रमाणे पर्याय निवडावा.
२) किंवा इंग्रजी अक्षरांत स्टार्ट हा शब्द, एक जागा मोकळी आणि पुढे शून्य असा संदेश १९०९ ला पाठवावा. यामुळे सर्व प्रकारच्या जाहिराती बंद होतात.
३) काही जाहिराती चालू ठेवावयाच्या असल्यास बँक व विमा, जमीन व घरे, शिक्षण, आरोग्य अशा गटांपैकी नको ते गट निवडता येतात. ट्रायच्या डीएनडी ॲपवरही ही सोय आहे.

नोंदणी केल्यावर बँकेचे संदेश, ओटीपी किंवा हवामानाचे इशारे बंद होतील अशी भीती अनेकांना वाटते. तसे होत नाही. व्यवहाराचे व शासकीय संदेश येत राहतात. आपल्या भागात जूनमध्ये विजा पडून माणसे व जनावरे दगावतात, त्यामुळे असे इशारे चालू असणे महत्त्वाचे आहे.

तक्रार कशी करावी?

नोंदणीने सर्व फोन थांबतील असे नाही. नियम पाळणारे थांबतात. साध्या मोबाईल नंबरावरून जाहिरात करणारे नियम मोडतच असतात, त्यांच्यावर तक्रार हाच उपाय आहे. फोन आल्यापासून सात दिवसांच्या आत १९०९ वर किंवा डीएनडी ॲपवर तक्रार करावी. पूर्वी ही मुदत तीन दिवसांची होती. तक्रारीत फोन करणाऱ्याचा नंबर, तारीख व काय सांगितले हे थोडक्यात द्यावे. नोंदणी न केलेल्या विक्रेत्याविरुद्ध तक्रार करण्यासाठी आपण आधी १९०९ वर नोंद केलेली असली पाहिजे अशी अट आता राहिलेली नाही.

एकट्याच्या तक्रारीने काय होणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दहा दिवसांत एका पाठविणाऱ्याविरुद्ध पाच तक्रारी आल्या तरी कारवाई सुरू होते. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी लागत. पहिल्या वेळी त्याची बाहेर फोन करण्याची सोय १५ दिवस बंद होते आणि पुन्हा तसेच केल्यास त्याची सर्व जोडणी एक वर्षासाठी तोडली जाते. एकाच गावातील पाच जणांना एकाच नंबरावरून फोन आला आणि पाचही जणांनी तक्रार केली तर काम होऊ शकते. बचत गट किंवा शेतकरी गटाच्या बैठकीत हा विषय जरूर घ्यावा.

फोनवरून औषधे व टॉनिक विकणारे

"तुमचे सोयाबीन पिवळे पडले असेल, ही बाटली घ्या, पार्सल घरी आल्यावर पैसे द्या" असे फोन पावसाळ्यात वाढतात. येथे थोडा शास्त्रीय विचार करावा. सोयाबीन पिवळे पडण्याची कारणे वेगवेगळी असतात. चुनखडीयुक्त जमिनीत लोह कमी पडल्यास कोवळी पाने पिवळी होतात व शिरा हिरव्या राहतात. अशा वेळी लोहयुक्त सूक्ष्म अन्नद्रव्याची फवारणी लागते. पाणी साचून मुळांना हवा न मिळाल्यास आधी चर काढून पाण्याचा निचरा करावा लागतो. पिवळा मोझॅक विषाणूजन्य आहे व पांढरी माशी तो पसरवते. त्यासाठी रोगट झाडे उपटून नष्ट करणे व माशीचे नियंत्रण करणे आवश्यक असते. तीन कारणांना तीन वेगळे उपाय आहेत. ज्याने शेत पाहिलेले नाही तो तिन्हींसाठी एकच बाटली विकत असेल तर त्यात त्याचा फायदा आहे, पिकाचा नाही.

कीटकनाशके १९६८ च्या कायद्याखाली, तर खते १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली येतात. टॉनिक म्हणून विकली जाणारी जैव-उत्तेजके २०२१ पासून याच आदेशात आणली गेली आहेत. परवानाधारक कृषी सेवा केंद्रातून पक्की पावती घेऊन खरेदी केल्यास गट क्रमांक व मुदत यांचा पुरावा हाती राहतो आणि पीक बिघडल्यास तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. पार्सलच्या बाटलीबाबत विक्रेता कोण हेच ठरत नाही. सल्ला हवा असल्यास किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर स्वतः फोन करावा. ही सेवा २००४ पासून चालू असून सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत मोफत व मराठीतून मिळते.

कर्जवसुलीचे उर्मट फोन

जाहिरातीचा फोन कापता येतो, वसुलीचा फोन मात्र मनाला लागतो. कर्ज घेतले असेल तर ते फेडावे लागते, यात शंका नाही. परंतु देणेकरी झाला म्हणून माणसाचा मान जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार वसुली प्रतिनिधीने सकाळी ८ च्या आधी व सायंकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करू नये. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाईक व मित्रांना त्रास या गोष्टींना मनाई आहे. बचत गटांच्या महिला ज्या सूक्ष्म वित्त संस्थांचे कर्ज घेतात, त्यांच्या बाबतीत सकाळी ९ च्या आधी व सायंकाळी ६ नंतर फोन करणे हे जाचक वर्तन मानले आहे.

असा प्रकार घडल्यास प्रथम त्या बँकेकडे किंवा संस्थेकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. वसुलीच्या फोनची गोष्ट घरात लपवून ठेवू नये. घरच्यांना व जवळच्या माणसाला सांगावी. एकट्याने सोसल्याने फोन थांबत नाहीत, मनावरील ओझे मात्र वाढते.

फसवणुकीचे नेहमीचे प्रकार

१) शेतात मोबाईल टॉवर : "मोठे भाडे मिळेल, आधी नोंदणीचे पैसे भरा" असे सांगतात. ट्राय टॉवरसाठी कोणतेही ना-हरकत पत्र देत नाही. आधी पैसे मागितले की तो फोन खोटा समजावा.
२) सौर पंप : लाभार्थी हिस्सा फक्त योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरावा. कोणाच्या वैयक्तिक खात्यावर भरू नये.
३) पीएम किसानचा हप्ता : त्या नावाची एपीके फाइल व्हॉट्सॲपवर आल्यास उघडू नये. ती उघडल्यास फोनमधील संदेश परक्याच्या हाती जाऊ शकतात. योजनेची चौकशी १५५२६१ वर करावी.
४) नंबर बंद होण्याची किंवा अटकेची धमकी : ट्राय कोणाचाही नंबर बंद करण्यासाठी फोन करत नाही. फोनवरून अटक करण्याची कायद्यात तरतूद नाही.

पैसे गेले नसतील तर संचार साथी संकेतस्थळावरील किंवा ॲपमधील चक्षू या सुविधेत त्या नंबराची माहिती द्यावी. ही सुविधा मार्च २०२४ पासून सुरू आहे. पैसे गेले असतील तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० ला फोन करावा व बँकेलाही कळवावे. जितका उशीर होईल तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकत जाते व मिळण्याची आशा कमी होते.

खरे फोन चुकू नयेत म्हणून

तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक, बँक शाखा, पशुवैद्यक व सोसायटीचे सचिव यांचे नंबर आजच नावानिशी फोनमध्ये साठवावेत. घरातील शिकलेल्या मुला-मुलींनी हे काम आई-वडिलांना अर्ध्या तासात करून द्यावे. अनोळखी फोन चुकला तर कामाच्या माणसाचा बहुधा पुन्हा येतो किंवा तो निरोप ठेवतो. म्हणून संध्याकाळी चुकलेले फोन एकदा पाहून ओळखीच्यांना विचारावे. घरातील वृद्धांना एकच नियम सांगून ठेवावा : फोनवर कोणीही अंक विचारले तर सांगायचे नाहीत, घरी मुलगा-सून आल्यावर बघू असे म्हणायचे.

लक्षात ठेवण्याचे क्रमांक

• जाहिराती बंद करणे व तक्रार : १९०९
• पैशांची ऑनलाइन फसवणूक : १९३०
• शेतीविषयक सल्ला : १८००-१८०-१५५१
• पीएम किसान चौकशी : १५५२६१
• रिझर्व्ह बँकेकडील तक्रारीची माहिती : १४४४८

हे पाच क्रमांक घराच्या भिंतीवर दिनदर्शिकेशेजारी लिहून ठेवावेत. तण दोन पानांवर असताना खुरपले तर मजुरी कमी लागते, हे आपण जाणतोच. नकोशा फोनचेही तसेच आहे. पहिल्याच फोनला ठाम नकार, त्याच आठवड्यात तक्रार आणि कोणालाही ओटीपी न देणे, एवढे पथ्य पाळले तर फोन हे शेतीचे उपयुक्त अवजार राहील.