शर्यत दहा सेकंदांची, गिऱ्हाईक दिवसभराचे

धंदा म्हणून पाहिले तर ड्रॅग रेस हा मोठा विचित्र माल आहे. दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर सरळ पट्टीवर जो आधी पोहोचेल तो जिंकतो. साध्या गाडीलाही हे अंतर कापायला काही सेकंदच पुरतात. मग पुढची जोडी लागेपर्यंत प्रेक्षकाने करायचे काय? तिकीट दिवसभराचे आणि माल दहा सेकंदांचा! गावोगावच्या शर्यतींना माणसे जमत नाहीत याचे कारण बहुधा इथेच सापडते.

आपल्याकडे हा विषय अगदीच परका राहिलेला नाही. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या विमान-धावपट्टीवर 'व्हॅली रन' या नावाने अशा शर्यती झालेल्या आहेत. इंजिन खोलणारे, लेथवर काम करणारे, टायर आणि सुटे भाग विकणारे आपल्या समाजात पुष्कळ आहेत. तेव्हा हा खेळ जिथे वाढला त्या अमेरिकेत गर्दी कशी जमवली गेली, हे आपल्या व्यापारी बांधवांनी पाहून ठेवायला हरकत नाही.

पन्नास सेंटचे तिकीट

कॅलिफोर्नियातील सांता आना येथे १९५० साली विमानतळाच्या एका धावपट्टीवर दर रविवारी नियमित शर्यती सुरू झाल्या. त्या सुरू करणाऱ्यांत सी. जे. हार्ट हे प्रमुख होते. तिकीट पन्नास सेंट, आणि तेही गाडी पळवणाऱ्याला व पाहणाऱ्याला सारखेच. त्याआधी तरुण पोरे रस्त्यावरच बाजी लावत आणि पोलीस त्यांच्या मागे लागत. पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, वॉली पार्क्स यांनी राष्ट्रीय संघटना उभी केली आणि नियम बसवले.

पण गर्दीच्या दृष्टीने खरी किल्ली 'ब्रॅकेट' पद्धतीत आहे. आपली गाडी किती सेकंदांत पोहोचेल हे चालकाने आधीच जाहीर करायचे. समजा एकाने १५ सेकंद सांगितले आणि दुसऱ्याने ११, तर पहिल्याला ४ सेकंद आधी सोडतात. सांगितल्यापेक्षा लवकर पोहोचला तर तो बाद, म्हणजे लबाडीलाही वाव नाही. यामुळे लाखो रुपये न ओतता रोजच्या वापरातली गाडी घेऊनही माणूस जिंकू शकतो. आणि शर्यतीत शेजाऱ्याची गाडी असली की त्याचे भाऊ, मुले, दुकानातले नोकर, सगळे तिकीट काढून येतात. बाहेरून आणलेली एखादी महागडी गाडी एक दिवस गर्दी खेचते, पुढच्या महिन्यात तीच माणसे येतील याची खात्री देत नाही.

आपल्या बैलगाडा शर्यतीत दुसरे काय आहे? पुणे जिल्ह्यातल्या घाटात बारी काही सेकंदांतच संपते, तरी लोक उन्हात दिवसभर उभे असतात. कारण बैल कोणाचे, गाव कोणते, मागच्या यात्रेत काय झाले, हे प्रत्येकाला ठाऊक असते आणि माईकवरचा माणूस तोंडाला विश्रांती देत नाही. २०१४ मध्ये बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मधली सात वर्षे गेली, पण प्रेक्षक गेला नाही. ड्रॅग रेसवाल्यांनी आधी असा बोलका माणूस शोधावा, मग मोठा पडदा आणावा.

मधला वेळ हाच माल

अमेरिकेत तिकीटधारकाला गाड्या दुरुस्त होतात त्या जागेपर्यंत जाऊ देतात. दोन फेऱ्यांच्या मधे इंजिन उघडे पडलेले, मिस्त्री काळ्या हातांनी काम करतोय आणि लहान मूल तोंड उघडे ठेवून पाहतेय! क्रिकेटच्या मैदानात खेळाडूंच्या खोलीत कोणाला शिरू देतात? कारागिराच्या हाताची अशी जाहिरात पैसे मोजूनही होत नाही. गॅरेजच्या नावाची पाटी, टायरचा स्टॉल, कबाब-पावाची गाडी, सगळ्यांची विक्री या मधल्या वेळेत व्हायची असते.

वेळापत्रकही प्रेक्षक पाहूनच ठरवावे. कतारमध्ये दोहाच्या रेसिंग क्लबने अरब देशांतील चालकांची ड्रॅग शर्यतमालिका भरवली. तिथल्या शेख खालिद बिन हमद अल सानी यांच्या 'अल-अनाबी' संघाने अमेरिकेत जाऊन २०१०, २०११ आणि २०१३ साली सर्वांत वरच्या 'टॉप फ्युएल' वर्गाचे विजेतेपद मिळवले. आखातात शर्यती थंडीच्या मोसमात आणि पुष्कळदा दिवे लावून होतात. आपल्याकडेही दुपारचा कडका टाळून असरनंतर आरंभ, मगरिबला मोकळी सुट्टी, नमाजसाठी जागा आणि वजूला पाणी, बायका-मुलांना सावली व स्वच्छ संडास, एवढे केले तर घरचे घर येईल. फक्त पोरेटोरे जमली तर दुकानदाराच्या हाती चहाचे पैसे तेवढे लागतात.

आणि सट्टा? तो हराम आहेच. शिवाय जिथे नोटा फिरू लागतात तिथून कुटुंबवाला प्रेक्षक पहिला निघून जातो. बक्षीस आयोजकाने किंवा दुकानदारांनी द्यावे, चालकांनी आपसात पैसे लावू नयेत.

सुरक्षिततेत काटकसर करू पाहणाऱ्याने अमेरिकेतील टेनेसी राज्यातले सेल्मर गाव आठवावे. २००७ मध्ये तिथे मदतनिधीच्या कार्यक्रमात कठडा नसलेल्या सार्वजनिक रस्त्यावर एक ड्रॅग मोटार गर्दीत घुसली आणि ६ जण मेले. आपल्याकडे सार्वजनिक रस्त्यावर परवानगीवाचून शर्यत लावली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा कैद होऊ शकते. परवानगी, मोटर स्पोर्ट्स फेडरेशनचे नियम, काँक्रीटचा कठडा, रुग्णवाहिका, अग्निशामक आणि विमा, हा खर्च आधी मांडावा. राहिलेल्या पैशांत पत्रके छापून ती प्रत्येक गॅरेज, पेट्रोलपंप आणि सुट्या भागांच्या दुकानात ठेवावीत. तिकीटविक्रीही तिथूनच करावी आणि दर तिकिटामागे दुकानदाराला थोडे कमिशन द्यावे.