पोटावरच्या नळीची निगा

मूत्रपिंडे निकामी झाली की डायलिसिस आले. त्यातला एक प्रकार घरीच करता येतो. डॉक्टर पोटात मऊ नळी बसवतात. तिच्यातून पिशवीतले औषधी पाणी पोटात सोडायचे, काही तासांनी काढायचे व नवे भरायचे. दिवसातून साधारण तीन-चार वेळा. दवाखान्याच्या फेऱ्या वाचतात, रोजगार बुडत नाही. पण नळी कातडीतून जेथे बाहेर येते, ती जागा निरोगी राहिली तरच हे साधते.

आपल्या नाकात व हातांवर स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू असतात. ते या जागेतून शिरतात. जागा पिकते, पू नळीच्या कडेने आत उतरतो आणि पोटाच्या आतल्या पडद्याला सूज येते. हा आजार जिवावर बेतू शकतो. कित्येकदा नळीच काढावी लागते.

नळी नवीन असताना दवाखान्यात बांधलेली पट्टी घरी सोडू नये, भिजवू नये. जखम भरल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा अंघोळ सुरू करावी. तीही वाहत्या पाण्याखाली किंवा तांब्याने पाणी घेऊन. टब, विहीर, नदी, तलाव यांत उतरू नये.

आंतरराष्ट्रीय पेरिटोनियल डायलिसिस संघटनेच्या २०२३ च्या शिफारशींनुसार ही जागा आठवड्यातून निदान दोनदा, तसेच अंघोळीनंतर व खूप घाम आल्यावर स्वच्छ करावी. आधी हात साबणाने चोळून धुवावेत आणि स्वच्छ कापडाने कोरडे करावेत. मग दवाखान्याने दिलेल्या द्रावणाने जागा हलकेच पुसावी, कोरडी करावी. डॉक्टरांनी दिलेले जंतुनाशक मलम थोडेसे लावावे. दुसरे मलम मनाने आणू नये. काही मलमांनी विशिष्ट प्रकारची नळी खराब होते. खपली ओढून काढू नये. हळद, राख, तेल, पावडर यांपैकी काहीही लावू नये.

नळी पोटाला चिकटपट्टीने बसवून ठेवावी. ओढ बसली की कातडी फाटते व जंतूंना वाट मिळते. परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा त्या जागेवर येऊ देऊ नये. लहान मुले अंगावर खेळताना सांभाळावे.

रोज उजेडात ती जागा पाहावी. स्वतःला दिसत नसेल तर आरसा घ्यावा किंवा घरातल्या कोणाला पाहायला सांगावे. लाली, सूज, दुखणे किंवा पू दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटातून निघणारे पाणी गढूळ आले, पोट दुखू लागले किंवा ताप भरला तर रात्र असली तरी थांबू नये. गढूळ पाण्याची पिशवी सोबत न्यावी.

एका खोलीच्या संसारातही हे जमते. त्यासाठी साबण, स्वच्छ कापड, रोजची दोन मिनिटे आणि घरच्यांची साथ लागते. दवाखान्याचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहून ठेवा. घरातल्या शाळकरी मुलालाही तो वाचता आला पाहिजे.