आर्पादवंश चालता तर ?

हंगेरीचा राजा तिसरा आंद्राश ता. १४ जानेवारी १३०१ रोजीं बूदा येथें वारला. त्यास पुत्र नव्हता. त्याबरोबर आर्पादाचा वंश पुरुषशाखेंत संपला. दोन वर्षांनीं इश्तवान आकोश या सरदारानें एका कागदांत त्यास राजवृक्षाची अखेरची सुवर्णशाखा म्हटलें आहे. हा वंश पुढें चालता तर काय झालें असतें, हा प्रश्न हंगेरीच्या इतिहासाच्या भोक्त्यांस फार प्रिय आहे. जें घडलें नाहीं त्याचा शोध करणें हें संशोधकाचें काम नव्हे, हें आम्ही जाणतों. परंतु या प्रश्नाच्या पोटांत दुसरा एक प्रश्न दडला आहे व तो सर्वस्वी आपल्या प्रांतांतला आहे : ज्यास शेवटचा आर्पाद म्हणावयाचें, तो तरी आर्पाद होता काय ?

दुसरा आंद्राश १२३५ त वारला तेव्हां त्याची तिसरी राणी बेआत्रीचे गरोदर होती. सावत्र पुत्र बेला चवथा यानें तिजवर व्यभिचाराचा आळ घेतला. ती जर्मनींत निघून गेली व तेथें तिला इश्तवान झाला. या इश्तवानानें व्हेनिसच्या मोरोझिनी घराण्यांतील तोमासीनेशीं लग्न केलें. तिसरा आंद्राश हा त्यांचा पुत्र. म्हणजे बापाचें औरसत्वच भाऊबंदांनीं कधीं मानलें नाहीं. पुढें ता. १० जुलै १२९० रोजीं लास्लो चवथा यास कुमान मारेकऱ्यांनीं ठार केलें, आणि दोन आठवडेही लोटले नाहींत तों सेकेशफेहेरवार येथें आंद्राशास अभिषेक झाला. लागलीच लास्लोचा मेलेला धाकटा भाऊ तो मीच, असें सांगणारा एक तोतया पोलंडाकडून उतरला. त्याचा मोड राजपक्षाच्या फौजेनें केला. अस्सल कोण व नक्कल कोण याचा निवाडा त्या वर्षीं कागदानें झाला नाहीं. तो मुकुटानें आणि तलवारीनें झाला.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आंद्राशाचीं लग्नें दोन. पहिली राणी फेनेन्ना हिची एकुलती कन्या एलिझाबेथ स्वित्झर्लंडांतील ट्यॉस येथील मठांत जोगीण झाली. दुसरी ॲग्नेस ही हाब्सबुर्ग आल्बर्टाची कन्या. हें लग्न १२९६ चें. तिला पुत्र झाला असता तर १३०१ त हंगेरीच्या गादीवर चारपांच वर्षांचें पोर बसतें आणि त्याचा आजा जर्मनीचा राजा असता. मुलुख तर माते चाक, लास्लो कान यांसारख्या बड्या सरदारांनीं वांटून घेतला होता. तेव्हां वंश टिकल्यानें राज्यास स्थैर्य आलें असतें, हें मत आम्हांस भाबडेपणाचें वाटतें. प्रत्यक्षांत जे तीन दावेदार उठले, ते वेन्सेस्लास, ओट्टो व चार्ल्स रॉबर्ट, तिघेही आर्पादकन्यांचेच वंशज होते. ओट्टोस तर लास्लो कानानें १३०७ त कैद करून मुकुटच दाबून ठेविला. पवित्र मुकुटानें चार्ल्साचा अभिषेक व्हावयास १३१० उजाडलें, आणि सरदारांचें बळ खचूं लागलें तें १३१२ च्या रोझगोनीच्या लढाईनंतर.

फरक पडता तो दोन ठिकाणीं. १२९८ च्या कायद्यानें राजाच्या मंत्रमंडळांत बिशप व सामान्य सरदार यांच्या प्रतिनिधींनीं तीन तीन महिन्यांच्या पाळीनें बसावें असें ठरलें होतें. ही प्रथा रुजण्यास दुबळा राजाच हवा होता. चार्ल्स दुबळा नव्हता. दुसरा फरक हंगेरीबाहेरचा व अधिक मोठा. चार्ल्साचा पुत्र लुई १३७० त पोलंडाचा राजा झाला. त्याची कन्या यादविगा हिनें १३८६ त लिथुएनियाच्या यागेलोशीं लग्न केलें. चार्ल्स नसता तर तें लग्न नाहीं, आणि त्यांतून उभें राहिलेलें जोडराज्यही नाहीं.

राहिले ते वंश चालूच आहे म्हणणारे. फ्रान्सांतील क्रूई-शानेल घराणें आपली वंशावळ तिसऱ्या आंद्राशापर्यंत नेई, व एकोणिसाव्या शतकांत त्यांतील एकानें हंगेरीच्या गादीवर हक्कही सांगितला. अशा वंशावळी संग्राहकांच्या हातीं वारंवार येतात. जिला समकालीन कागदाचा आधार नाहीं, ती कितीही सुबक लिहिलेली असली तरी आम्ही तीस पुरावा मानीत नाहीं. अलीकडे मात्र निराळें साधन हातीं आलें आहे. तिसऱ्या बेलाचीं हाडें १८४८ त सेकेशफेहेरवार येथें सांपडलीं होतीं. त्यांतून बापाकडून मुलाकडे जाणारी आनुवंशिक खूण काढून ती २०१८ त प्रसिद्ध झाली. दावेदाराची खूण तिच्याशीं जुळली नाहीं तर मात्र उत्तर दुहेरी होईल : एक तर वंशावळ बनावट, नाहीं तर बेआत्रीचेवरील आळ खरा. तो गुंता सोडविण्यास आंद्राशाचीं स्वतःचीं हाडें हवीं. त्यास बूदाच्या सेंट जॉनच्या मठांत पुरलें होतें. त्याची व्हेनिसच्या घडणीची, रत्नें व स्फटिक जडविलेली दुदारी देवमूर्तिपट्टी मात्र विधवा ॲग्नेसनें क्योनिग्सफेल्डेनच्या मठांत नेली. ती आज बर्न येथील इतिहास-संग्रहालयांत आहे.