लोखंड आणि ॲल्युमिनियमपासून बनलेला हा धातू हवेतल्या ओलाव्याने का तुटतो?

भट्टी असो की बॉयलर, खूप तापणाऱ्या जागी साधं लोखंड फार काळ टिकत नाही. त्यावर ऑक्साइडचे पापुद्रे धरतात, गळून पडतात आणि धातू झिजत जातो. म्हणून तिथे क्रोमियम आणि निकेल घातलेलं स्टेनलेस स्टील वापरतात. पण ते महाग पडतं. त्यातलं निकेल तर भारताला जवळपास सगळं बाहेरून आणावं लागतं.

याला एक स्वस्त पर्याय आहे, तो म्हणजे आयर्न ॲल्युमिनाइड. यात लोखंड आणि ॲल्युमिनियमचे अणू ठरावीक रचनेत बसलेले असतात. एका प्रकारात लोखंडाच्या तीन अणूंमागे ॲल्युमिनियमचा एक अणू असतो, तर दुसऱ्या प्रकारात दोन्हींची संख्या जवळपास सारखी असते. हा धातू तापला की त्यावर ॲल्युमिनाचा पातळ आणि घट्ट थर तयार होतो. हा थर ऑक्सिजनला आणि गंधकयुक्त वायूंनाही आत शिरू देत नाही. शिवाय हा धातू स्टीलपेक्षा हलका असतो.

मग तो सगळीकडे का दिसत नाही? कारण नेहमीच्या तापमानाला तो ठिसूळ असतो.

यामागचं मोठं कारण १९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने दाखवून दिलं. हवेतली वाफ धातूतल्या ॲल्युमिनियमशी भिडते, त्यातून हायड्रोजनचे अणू सुटतात आणि ते भेगेच्या टोकाशी धातूत शिरून त्याला कमकुवत करतात. हवेत जेमतेम २ टक्के ताणला जाणारा नमुना कोरड्या ऑक्सिजनमध्ये १७ टक्क्यांहून जास्त ताणला गेला!

यावर उपाय म्हणून इतर मूलद्रव्यं मिसळली जातात.

क्रोमियम : २ ते ६ टक्के मिसळलं तर पहिल्या प्रकारचा धातू तुटण्याआधी जास्त ताणला जातो. मात्र गंधकयुक्त वायूंपुढे त्याचा टिकाव कमी होतो.

बोरॉन : ॲल्युमिनियम जास्त असेल तर धातू त्याच्या कणांमधल्या सीमांवरून तुटतो. अगदी चिमूटभर बोरॉन या सीमा घट्ट करतं.

मॉलिब्डेनम, निओबियम, झिरकोनियम : साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे या धातूची ताकद झपाट्याने घसरते. ही मूलद्रव्यं ती टिकवायला मदत करतात, पण जास्त झाली तर ठिसूळपणा वाढतो.

आता प्रश्न येतो बनवण्याचा. वितळवून ओतलेल्या धातूत कण मोठे होतात आणि तो लाटताना तडकू शकतो. म्हणून पावडर मेटलर्जी वापरतात, म्हणजे धातूची भुकटी दाबून आणि तापवून वस्तू घडवतात. त्यामुळे कण बारीक राहतात आणि ताकद वाढते.

यातही एक अडचण आहे. लोखंड आणि ॲल्युमिनियमची वेगवेगळी भुकटी एकत्र करून तापवली, तर ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि लोखंडाशी जोरात अभिक्रिया होऊन खूप उष्णता बाहेर पडते. तुकडा फुगतो आणि आत छिद्रं राहतात. मिश्रणात सिलिकॉन घातल्यास ही छिद्रं कमी होतात.

भुकटीचा आणखी एक फायदा आहे. इट्रियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण वितळलेल्या धातूत नीट पसरत नाहीत. बॉल मिलमध्ये भुकटी तासन्‌तास घोटली की ते सारखे पसरतात आणि तापलेल्या धातूलाही बळ देतात.

गंमत म्हणजे काही ठिकाणी हीच छिद्रं हवी असतात. कोळशापासून वायू बनवताना निघणारी गरम राख गाळण्यासाठी याच धातूच्या भुकटीपासून सच्छिद्र फिल्टर बनवतात. तिथे वायूत गंधक असतं आणि साधं स्टेनलेस स्टील लवकर खराब होतं.

म्हणूनच या धातूत काय आणि किती मिसळायचं, हे तो कुठे वापरायचा आहे त्यावर ठरतं. एक गुण वाढवायला घातलेलं मूलद्रव्य दुसरा गुण कमी करू शकतं.