ड्रोनला छप्पर दिसतं, भिंत नाही: गावठाणाच्या नकाशातला 'पॉलिगॉन' कसा तपासायचा?

शहापूर-मुरबाडकडच्या कौलारू घराला वळचण लागतेच. इथल्या पावसापासून भिंती वाचवायच्या, तर छप्पर भिंतीच्या बाहेर दोनेक फूट काढावं लागतं. पण गावठाणाची मोजणी ड्रोननं होते, तेव्हा हीच वळचण घोळ घालू शकते.

आधी थोडी पार्श्वभूमी. गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना 8 असतो, पण तो कर आकारणीचा कागद, मालकीचा नव्हे. ही उणीव भरून काढण्यासाठी 24 एप्रिल 2020 रोजी केंद्रानं 'स्वामित्व' योजना सुरू केली. पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावात महाराष्ट्रानं असा प्रयोग त्याआधीच केला होता. मोजणीनंतर घरमालकाला मिळकत पत्रिका आणि सनद मिळते.

मोजणीच्या आधी मिळकतींच्या हद्दी चुन्यानं आखतात. मग ड्रोन एकावर एक येणारे फोटो काढत जातो. एकच कोपरा अनेक फोटोंत वेगवेगळ्या कोनातून दिसतो, त्यावरून सॉफ्टवेअर गावाचा त्रिमितीय आकार बांधतं आणि त्यातून सरळ वरून पाहिल्यासारखं, मापात बसलेलं चित्र तयार करतं. या चित्रावर प्रत्येक मिळकतीची हद्द गिरवली जाते. ती बंद आकृती म्हणजे पॉलिगॉन.

पॉलिगॉनमध्ये असतं काय? बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा, बस्स. ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये गेमची पात्रं बनवणारे हेच वापरतात: बिंदू सरकवायचा, नवा घालायचा, आकृती कापायची, दोन आकृत्या जोडायच्या. फरक इतकाच, की तिथे बिंदू सरकला तर पात्राचं नाक लांब होतं, इथे शेजाऱ्याचं अंगण कमी होतं.

त्यासाठी नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन सोयी महत्त्वाच्या. एक 'स्नॅपिंग': नवी रेघ जवळच्या जुन्या बिंदूला आपोआप चिकटते. ती बंद असेल तर दोन घरांच्या सामाईक भिंतीवर दोन वेगळ्या रेघा पडतात आणि मध्ये कुणाचीच नसलेली, किंवा दोघांचीही असलेली, बारीक पट्टी उरते. दुसरी 'टोपोलॉजिकल एडिटिंग': सामाईक बिंदू हलवला की दोन्ही पॉलिगॉन एकत्र बदलतात. म्हणजे तुमची दुरुस्ती शेजाऱ्याचीही दुरुस्ती असते, म्हणून त्याला न विचारता ती करणं बरोबर नाही.

आता वळचणीकडे येऊ. समजा घर भिंतीपासून भिंतीपर्यंत 26 बाय 20 फूट आहे, म्हणजे 520 चौरस फूट. चारही बाजूंनी दोन फूट वळचण धरली तर वरून दिसणारं छप्पर 30 बाय 24 होतं, म्हणजे 720. छपराची कड गिरवली तर घर कागदावर 200 चौरस फुटांनी वाढतं! ऐकायला बरं वाटतं, पण शेजाऱ्याच्या घरालाही वळचण असते. दोन घरांमध्ये चार फुटांचा बोळ असेल, तर दोन्ही वळचणी मिळून तो वरून पूर्ण झाकतात. खालचा चुनाही कॅमेऱ्याला दिसत नाही. मग बोळ कुणाचा, पागोळ्या कुणाच्या जागेत पडतात, सांडपाणी कुठून जातं, ही भांडणं नकाशातून उभी राहतात. आंब्या-फणसाखालच्या हद्दीचंही तसंच.

म्हणूनच संगणकावर काढलेला नकाशा जागेवर नेऊन पडताळावा लागतो. झाकलेल्या जागी फीत धरून भिंतीचं माप घेणं आणि त्यानुसार बिंदू आत सरकवणं हाच उपाय. चौकशीच्या वेळी घरातलं कुणीतरी हजर असावं, शक्यतो ज्याला जुन्या हद्दी ठाऊक आहेत असं. नकाशात पाहायचं ते हे: तुमच्या मिळकतीला कोपरे किती आणि जागेवर किती? बोळ दिसतो का? पडवी, गोठा, मागचं परसू आत आहे का? क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं, 10.76 नं गुणलं की चौरस फूट मिळतात.

भावाभावांची वाटणी हा वेगळा विषय. पॉलिगॉन कापायला क्षण लागतो, पण कुठून कापायचा हे सॉफ्टवेअर ठरवत नाही. गुरचरण किंवा वनजमिनीवरच्या पाड्यांचंही असंच: छप्पर ड्रोनला दिसलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही.

नकाशात चूक दिसली तर चौकशी सुरू असतानाच लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. पत्रिका तयार झाल्यावर तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात जावं लागतं, आणि तिथे शेजाऱ्याचं म्हणणंही ऐकलं जातं.