सामान्यीकृत प्रकार : प्रयोजन आणि मर्यादा

लातूरच्या बाजारात तूर आणि सोयाबीन या दोहोंस पोते एकाच घडणीचे चालते. परंतु तुरीचे म्हणून ज्याचा सौदा झाला, त्यात सोयाबीन निघून चालत नाही. वस्तुकेंद्री आज्ञावलीतील सामान्यीकृत प्रकार, म्हणजेच ‘जेनेरिक’, हे या दंडकाचेच शास्त्रीय रूप होय. येथे संग्राहक वर्ग एकदाच लिहावयाचा आणि आतील घटकांचा प्रकार प्राचल म्हणून मागाहून पुरवावयाचा असतो.

ही कल्पना जुनी आहे. १९७० च्या दशकात बार्बरा लिस्कोव्ह यांच्या क्लू आणि रॉबिन मिल्नर यांच्या एमएल या भाषांत ती आढळते. जावा भाषेत मात्र ती २००४ साली, पाचव्या आवृत्तीत आली. तत्पूर्वी जावातील यादी कोणतीही वस्तू स्वीकारी. काढून घेताना तिचे प्रकारांतर करावे लागे आणि तुरीच्या जागी सोयाबीन निघाल्यास दोष आज्ञावली चालू असतानाच उघडकीस येई. प्राचलयुक्त यादीत तोच दोष कंपायलर आधीच दाखवितो.

येथे एक शंका संभवते. ‘तूर’ हा ‘शेतमाल’ याचा उपप्रकार असेल, तर तुरीची यादी ही शेतमालाच्या यादीचा उपप्रकार का मानू नये? तसे मानल्यास शेतमालाची यादी अपेक्षिणारी कोणतीही पद्धती त्या यादीत निर्वेधपणे सोयाबीन घालू शकेल आणि मूळ शिस्त मोडेल. जावातील ॲरेला ही मुभा आहे. तिची किंमत आज्ञावली चालताना द्यावी लागते. यादीतून घटक केवळ वाचावयाचे असल्यास ‘एक्स्टेंड्स’ आणि तीत भरावयाचे असल्यास ‘सुपर’ ही मर्यादा घालणे, हा यावरील उपाय होय.

जुन्या आज्ञावल्या चालू राहाव्यात म्हणून जावाचा कंपायलर प्रकार-प्राचल शेवटी पुसून टाकतो. त्यामुळे यादी तुरीची की सोयाबीनची, हे आज्ञावली चालताना विचारता येत नाही. २००५ च्या सी-शार्पमध्ये ही माहिती टिकून राहते.

यास्तव प्राचल न देता जुन्या रीतीने यादी वापरणे आणि त्यावरील कंपायलरची सूचना दडपणे ही क्षुल्लक बाब नव्हे. नांदेडच्या विद्यापीठात किंवा त्याच्या लातूर उपपरिसरात प्रकल्प लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने ती सूचना दडपली, तर दोष नाहीसा होत नाही. तो केवळ आज्ञावली वापरणाऱ्याच्या पदरी पडतो.